ऑर्डरच्या पानाची स्पीड टेस्ट सारखी लाल, कोड मात्र तोच: बेभरवशाची टेस्ट मॉनिटरिंगमधून मुळासकट कशी काढायची

तक्रार अशी आहे. परफॉर्मन्स मॉनिटरिंगच्या टेस्ट रात्री चालतात आणि सकाळी ग्रुपवर अलर्ट येऊन पडलेला असतो: ऑर्डरचं पान तयार व्हायचा वेळ वाढला. उघडून बघावं तर आदल्या दिवशी त्या पानाच्या कोडला कुणी हातही लावलेला नसतो. टेस्ट पुन्हा चालवली की हिरवी. एक-दोन दिवस शांत जातात, मग पुन्हा लाल. बाकीच्या टेस्ट जागच्या जागी असतात, ही एकटीच अशी वागते.

आमचं काम सोलापुरात चालतं, टेरी टॉवेल आणि चादरीच्या कारखानदारांसाठी ऑर्डर, स्टॉक आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर. काउंटरवरचा माणूस फोन कानाला लावून समोरच्या व्यापाऱ्याला रंग, साइज, डझन सांगत असतो, तेव्हा ऑर्डरचं पान झटकन उघडलं पाहिजे. लग्नसराईत तर एका फोनमागे दुसरा फोन उभाच असतो. म्हणून हे पान किती वेळात उघडतं हे रोज मोजणं आम्हाला मनापासून महत्त्वाचं वाटतं, आणि म्हणूनच खोटा आकडा देणारी टेस्ट त्या जागेवर नको.

टीममध्ये नवीन आलेला मुलगा सकाळी विचारतो, "सर, परत तेच आलंय की ओ. री-रन मारू का?" हा प्रश्न ऐकू आला की समजावं, टेस्टची वेळ भरली. कारण त्याने अलर्ट वाचून काय शोधायचं हे विचारलेलं नाही, अलर्ट घालवायचा कसा हे विचारलंय. आणि ही सवय त्या एका टेस्टपुरती राहत नाही. पुढच्या महिन्यात बिलिंगची टेस्ट खरोखर लाल होते, तेव्हाही बोट आधी री-रनकडेच जातं.

अलर्ट म्यूट करून टेस्ट चालू ठेवावी असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. मागाचं उदाहरण घ्या. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. ती थांबवणारी सोय उगाचच थांबवायला लागली, तर वैतागून कुणीतरी ती बांधून ठेवेल, आणि मग खरा धागा तुटला तरी कापड विणलं जात राहील. म्यूट केलेली टेस्ट रोज मशीनचा वेळ खाते, डॅशबोर्डवर जागा अडवते आणि 'या पानावर आपलं लक्ष आहे' असा समज टिकवून ठेवते. लक्ष कुणाचंच नसतं.

थोडा हिशेबही बघा. समजा 40 टेस्ट आहेत आणि प्रत्येकीचा खोटा अलर्ट यायची शक्यता फक्त 1 टक्का आहे. तरी एखाद्या रात्री निदान एक खोटा अलर्ट येण्याची शक्यता जवळपास 33 टक्के होते. म्हणजे चांगल्या टेस्टनीसुद्धा दर तिसऱ्या सकाळी कुणाला तरी उगाच उठवायचं. त्यात ज्या टेस्टचा भरवसाच नाही तिला जागा देणं परवडत नाही.

आधी खात्री: दोष टेस्टचा की मशीनचा

काढायच्या आधी एक गोष्ट पक्की करा. एकच बिल्ड (कोडपासून तयार केलेली आवृत्ती), एकच मशीन, मध्ये काहीही न बदलता टेस्ट पाठोपाठ चालवा. कोड तोच असल्यामुळे आकडे एकमेकांच्या जवळपास यायला हवेत. जे काही वर-खाली होईल तो निव्वळ गोंगाट आहे, आणि तो किती आहे हेच आपल्याला बघायचंय.

समजा आकडे असे आले, मिलिसेकंदांत: 1420, 1390, 1410, 2180, 1400, 2210, 1430. याची सरासरी येते 1634. आता नीट बघा, 1634 च्या आसपास एकही आकडा नाही. पाच आकडे 1400 च्या अवतीभवती आहेत आणि दोन 2200 पाशी. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, 1420 आहे. बहुतेक डॅशबोर्ड रोजचा एकच ठिपका दाखवतात, तोही सरासरीचा, आणि हे दोन झुबके त्यात विरघळून जातात. म्हणून पहिलं काम: सरासरी बाजूला ठेवा आणि प्रत्येक रनचा ठिपका वेगळा काढून बघा.

ठिपके सगळीकडे पसरलेले असतील तर कारण अनेक असू शकतात. पण दोन स्वच्छ झुबके दिसले तर आनंद माना. त्याचा अर्थ टेस्ट दोनपैकी एका वाटेने जाते आहे आणि ती वाट शोधता येते. कॅश (आधी वाचलेला डेटा हाताशी ठेवायची जागा) गरम, म्हणजे भरलेली, की थंड, दोन मशीनपैकी कुठलं मिळालं, मध्ये गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी मोकळी करणं) आलं की नाही, अशी ती वाट असते. वरच्या आकड्यांत प्रमाणित विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, सरासरीच्या 23 टक्क्यांवर जातं. फक्त खालचा झुबका घेतला तर तेच जेमतेम 1 टक्का भरतं. म्हणजे पान स्वतः चांगलं स्थिर आहे. मोजणाऱ्याचं काहीतरी बिनसलंय.

मशीनचा संशय सोलापुरात तरी आधी फेडून घ्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा 40 च्या वर असतो, आणि टेस्टचं मशीन कपाटामागे, बिनएसीच्या खोलीत असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला घड्याळाचा वेग उतरवतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. लिनक्सवर इंटेलच्या प्रोसेसरसाठी असं किती वेळा झालं याचा काउंटर मिळतो. टेस्टच्या आधी आणि नंतर तो वाचा आणि निकालासोबत साठवा. काउंटर वाढलेला असेल तर त्या रनचे आकडे फेकून द्या, चर्चाच नको. टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता जादा वेग) बंद करा, वेगाचं धोरण 'परफॉर्मन्स'वर बांधा. टेस्टसाठी जुना लॅपटॉप ठेवला असेल तर लाइट गेल्यावर तो बॅटरीवर जातो आणि वीज वाचवण्याच्या प्रोफाइलमध्ये शिरतो, हेही लक्षात असू द्या. क्लाउडवर स्वस्तातलं, क्रेडिटवर चालणारं मशीन असेल तर क्रेडिट संपल्यावर तेही असंच मंदावतं.

पण मशीन आणि टेस्ट यांच्यात फरक करायची सगळ्यात सोपी खूण वेगळी आहे. मशीन बिघडलं तर सगळ्या टेस्ट एकत्र हलतात. एकटीच हलत असेल तर टेस्टकडे बघा. यासाठी संचात एक साक्षीदार टेस्ट ठेवाच: आपल्या कोडला अजिबात न शिवणारं, ठरावीक गणित ठरावीक वेळा करणारं काहीतरी. आपण काहीही लिहिलं तरी तिचा आकडा बदलायला नको. ती हलली की त्या रात्रीचा अख्खा निकाल संशयास्पद. ती स्थिर आहे आणि ऑर्डरच्या पानाची टेस्ट उड्या मारतेय, तर मशीन निर्दोष सुटलं.

मोजमाप किती नाजूक असतं याची कल्पना यावी म्हणून सांगतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवलं होतं की युनिक्सवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगचा) निव्वळ आकार बदलला तरी प्रोग्रामचा मोजलेला वेग बदलू शकतो. कोड तोच, कंपायलर तोच. तेव्हा 'आमच्याकडे काहीच बदललं नाही' हे वाक्य जपून वापरावं.

या टेस्टचं दुखणं: शांतता कधी होईल याची वाट

आता मूळ कारण. ऑर्डरच्या पानाची टेस्ट ब्राउझर उघडते, पान लोड करते, आणि 'नेटवर्क शांत झालं' की घड्याळ थांबवते. ब्राउझर चालवणाऱ्या टूलमध्ये ही सोय तयारच मिळते. प्लेराइट नावाच्या अशा टूलमध्ये तिचा अर्थ असा की सलग 500 मिलिसेकंद एकही नेटवर्क कनेक्शन चालू नसलं पाहिजे. वाचायला छान वाटतं. पण खुद्द प्लेराइटच्या माहितीपुस्तिकेत टेस्टसाठी ही सोय वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

आमच्या पानावर स्टॉकचा आकडा ताजा ठेवायला एक पोलिंग चालतं, म्हणजे पान सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारत राहतं. दर दोन सेकंदांनी, घड्याळाच्या ठोक्यावर, म्हणजे सगळ्या काउंटरना एकाच वेळी तोच स्टॉक दिसावा. आता टेस्टच्या नजरेने बघा. पानाचं खरं काम 910 मिलिसेकंदांत आटोपलं. शांततेची मोजणी सुरू झाली. 500 पूर्ण झाले तर निकाल 1410. पण मोजणी 400 वर असताना पोलिंगची विनंती निघाली, तिला उत्तर यायला 370 लागले, आणि मग शांततेची मोजणी पुन्हा शून्यापासून. 910, 400, 370 आणि 500. बेरीज 2180. वरच्या यादीतला दुसरा झुबका हाच. पोलिंग दर 2000 मिलिसेकंदांनी आणि शांततेची खिडकी 500 ची, म्हणजे साधारण चारपैकी एका रनमध्ये टक्कर होणारच. ऑर्डर घेणाऱ्या माणसाला यातलं काहीही जाणवत नाही. पान त्याच्यासाठी दोन्ही वेळा सारखंच लवकर तयार होतं.

हा दोष फक्त आपल्या लहान टीमच्या टेस्टमध्ये असतो असं समजू नका. लाइटहाउस या गूगलच्या वेबपानं तपासणाऱ्या टूलमध्ये 'टाइम टू इंटरॅक्टिव्ह' नावाचं माप कितीतरी वर्षं होतं. त्याची रचनाही अशीच: पाच सेकंदांची अशी शांत खिडकी शोधायची की जिच्यात 50 मिलिसेकंदांपेक्षा लांब एकही काम नाही आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त नेटवर्क विनंत्या चालू नाहीत. त्या खिडकीच्या आधीचं शेवटचं लांब काम जिथे संपलं, तो आकडा. आता एखादी ॲनालिटिक्सची विनंती किंवा एखादं उशिराचं लांब काम मध्ये आलं की खिडकी पुढे ढकलली जाते आणि आकडा सेकंदांनी उडतो. फेब्रुवारी 2023 मध्ये आलेल्या लाइटहाउस 10 ने ते स्कोअरमधून काढून टाकलं, आणि कारण नेमकं हेच दिलं: एखाददुसऱ्या अपवादात्मक विनंतीला आणि लांब कामाला ते फाजील संवेदनशील आहे. एवढ्या वापरातलं माप काढता येतं, तर आपली टेस्ट काढताना संकोच करायचं काही कारण नाही.

दुरुस्त करायची, बदलायची की काढायची

माझं मत: टेस्ट ज्या प्रश्नाचं उत्तर शोधते तो प्रश्न योग्य असेल आणि गोंगाट बाहेरचा असेल, तर दुरुस्ती करा. प्रश्नच चुकीचा असेल तर काढा आणि योग्य प्रश्नाची नवी टेस्ट लिहा. 'नेटवर्क कधी शांत होतं' हा काउंटरवरच्या कुणाचाच प्रश्न नाही. 'मला डझनचा आकडा कधी टाइप करता येईल' हा आहे.

'रन वाढवले की गोंगाट कमी होतो' हा सल्ला अर्धाच खरा आहे. लाइटहाउसच्या मार्गदर्शनातही पाच रन घेऊन मध्यक घ्या असं सांगितलंय, आणि थोड्या गोंगाटाला ते पुरतं. पण किती रन पुरतील याचा एक ढोबळ हिशेब आहे: गोंगाटाच्या टक्क्याला, जेवढा फरक पकडायचाय त्या टक्क्याने भागा, उत्तराचा वर्ग करा, 16 ने गुणा. तेवढे रन आधीच्या बिल्डचे आणि तेवढेच नंतरच्या. आपला गोंगाट 23 टक्क्यांहून थोडा वर आणि 5 टक्क्यांची घसरण पकडायची, तर उत्तर साधारण 350 येतं. रोज रात्री 7 रन होत असतील तर एका बाजूलाच 50 रात्री. तोपर्यंत घसरण घडवणारा कोड कुठल्या कुठे गेलेला असतो. तेच गोंगाट 2 टक्के असता तर तीन रन पुरले असते. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की 'थोडे रन वाढवून बघू' हा वाद तिथेच मिटतो.

नवी टेस्ट अशी: स्टॉकच्या तक्त्याची पहिली ओळ पडद्यावर आली आणि डझनच्या चौकटीत टाकलेला आकडा खरोखर उमटला, की घड्याळ बंद. पोलिंगशी तिचं काही देणंघेणं नाही. तिच्या जोडीला दोन साधे मोजणीचे आकडे लावले: पान उघडताना डेटाबेसला किती क्वेरी गेल्या, आणि ब्राउझरकडे किती किलोबाइट जावास्क्रिप्ट गेली. मोजणीच्या या आकड्यांना ऊन लागत नाही, लाइट जात नाही. क्वेरी 12 च्या 60 झाल्या तर ते कुठल्याही मशीनवर 60 च दिसतात. वेळ मोजण्याच्या नादात या साध्या मोजण्यांकडे फार कमी लोक बघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. घसरणीचा बराचसा भाग त्यांतच सापडतो.

जुनी काढण्याआधी दोन्ही टेस्ट काही काळ शेजारी-शेजारी चालवा आणि मुद्दाम एक विष टाकून बघा: ऑर्डरच्या पानाच्या कोडमध्ये 150 मिलिसेकंदांचा उशीर घाला, वेगळ्या ब्रँचवर. नवी टेस्ट ताबडतोब बोलली पाहिजे. जुन्या टेस्टचं विचलनच 380 च्या आसपास आहे, तिला हे 150 ऐकूही येणार नाहीत. टीममध्ये कुणी 'पण ती टेस्ट महत्त्वाच्या पानाची आहे' म्हणत असेल तर त्याला हा प्रयोग दाखवा. पान महत्त्वाचं आहेच. टेस्ट त्या पानाची राखण करत नाही, हे त्यातून डोळ्यांना दिसतं.

काढण्याचा क्रम

इथे घाई नको. बरेच जण आधी टेस्टची फाइल उडवतात आणि मग दिवसभर तिच्या शेपटाशी झगडतात. क्रम उलटा ठेवा: जो शेवटी वाचतो त्याच्यापासून सुरुवात करा. आधी अलर्टचे नियम, मग मर्ज (कोड मुख्य शाखेत मिसळणं) अडवणारे चेक, मग डॅशबोर्ड आणि एकत्रित स्कोअर, मग बेसलाइनची (तुलनेसाठी धरलेल्या आकड्यांची) फाइल, आणि सगळ्यात शेवटी टेस्ट आणि तिला उठवणारं शेड्यूल.

सुरुवातीला टेस्टचं नाव आणि मेट्रिकचं (तिने मोजलेल्या आकड्याचं) नाव अख्ख्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, शोधा. मॉनिटरिंगच्या कॉन्फिगचं रिपॉझिटरी वेगळं असेल तर त्यातही. मेट्रिकचं नाव कोडमध्ये हायफनने आणि मॉनिटरिंगमध्ये अंडरस्कोअरने लिहिलेलं असतं, तेव्हा दोन्ही रूपं शोधा.

काढण्याचा कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) स्वतंत्र ठेवा, त्यात दुसरं काही मिसळू नका. संदेशात कारण, गोंगाटाचे आकडे आणि नव्या टेस्टचं नाव लिहा. सहा महिन्यांनी कुणीतरी 'ऑर्डरच्या पानाला स्पीड टेस्टच नाही?' म्हणून तीच टेस्ट पुन्हा लिहायला बसतं, आणि त्याला तो संदेश वाचायला मिळाला तर तेवढं काम वाचतं. डॅशबोर्डवरही त्या तारखेला एक उभी खूण लावा.

जुना डेटा पुसू नका. टेस्ट बेभरवशाची होती म्हणून इतिहास टाकाऊ होत नाही, खालच्या झुबक्यात पान हळू होत गेलं की नाही हे त्यात दिसतं. प्रोमिथियस (मेट्रिक गोळा करून साठवणारं टूल) वापरत असाल तर डेटा मुळात 15 दिवसच ठेवला जातो, मुदत स्वतः वाढवली नसेल तर. हवा असेल तर आधीच निर्यात करून घ्या.

काढल्यावर येणाऱ्या तक्रारी

*टेस्ट काढली, तरी आलेखावर तिची रेघ चालूच आहे, अगदी सपाट.* रात्रीच्या टेस्ट थोडा वेळ चालून संपतात, म्हणून त्यांचे निकाल बहुतेक जण प्रोमिथियसच्या पुशगेटवेमध्ये ढकलतात; हा मधला थांबा, प्रोमिथियस आकडे तिथून वाचतो. पुशगेटवे शेवटचा मिळालेला आकडा आपणहून विसरत नाही, त्याची रचनाच तशी आहे. साध्या टार्गेटची मालिका बंद झाली की प्रोमिथियस ती शिळी ठरवतो, पण इथे पुशगेटवे जिवंत असतो आणि दर वेळी तोच आकडा पुढे करतो. शेवटचा रन 2210 चा असेल तर टेस्ट मेल्यावरही अलर्ट वाजत राहील, आणि आता री-रन मारायलाही काही नाही.

उपाय म्हणजे त्या गटाला (एकत्र ढकललेल्या मेट्रिकच्या संचाला) डिलीटची विनंती पाठवणं, किंवा पुशगेटवेच्या वेब पानावर गट पुसायचं बटण आहे ते दाबणं. मात्र डिलीट पूर्ण गटाला लागू होतं. त्याच गटात बाकीच्या टेस्टचे निकाल असतील तर पुढच्या रनपर्यंत तेही गायब होतील. तुमची स्क्रिप्ट निकाल कसा ढकलते तेही बघा. 'पुट'ने ढकलत असेल तर प्रत्येक वेळी अख्खा गट बदलतो आणि काढलेल्या टेस्टचा आकडा पुढच्या रनला आपोआप जातो. 'पोस्ट'ने ढकलत असेल तर फक्त त्याच नावाचे मेट्रिक बदलतात आणि जुना आकडा तिथेच बसून राहतो. पुशगेटवे रीस्टार्ट केला तर सगळं पुसलं जातं, पण साठवणीची फाइल दिलेली असेल तर तो जुना आकडाही त्यातून परत येतो.

*आता 'मेट्रिक गायब आहे' असा नवाच अलर्ट आला.* हा चांगल्या सवयीचा परिणाम आहे. टेस्ट चालायचीच थांबली तर कळावं म्हणून कुणीतरी 'आकडा येत नसेल तर ओरड' असा नियम लिहिलेला असतो. प्रोमिथियसमध्ये त्यासाठी ॲब्सेंट नावाचं फंक्शन आहे. ग्राफाना या डॅशबोर्डच्या टूलच्या अलर्टमध्ये 'नो डेटा' ही वेगळी अवस्था असते. म्हणूनच अलर्टचे नियम सगळ्यात आधी काढायचे असं वर म्हटलंय.

*सगळे पुल रिक्वेस्ट (मर्जच्या विनंत्या) अडकलेत, चेकची वाट बघत.* गिटहबवर एखादा चेक मर्जसाठी आवश्यक म्हणून नोंदवलेला असेल आणि तो चालवणारं कामच उडवलं, तर गिटहब त्याच्या निकालाची वाट बघत बसतं. निकाल कधीच येत नाही. लाल दिसत नाही, हिरवंही होत नाही. ब्रँचच्या संरक्षणाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या चेकचं नाव आवश्यक यादीतून काढा. याला ॲडमिनचा हक्क लागतो. तो ज्याच्याकडे आहे तो माणूस गड्ड्याच्या यात्रेला गेलेला असताना हे काम काढू नका.

*एकूण स्कोअर एका रात्रीत सुधारला.* सगळ्या टेस्टचा मिळून एक आकडा काढत असाल तर हे होणारच, वाईट टेस्ट गेली म्हणून सरासरी वर आली. लाइटहाउस 10 मध्येही 'टाइम टू इंटरॅक्टिव्ह'चं 10 टक्के वजन पान हलण्याच्या मापाकडे गेलं, त्याचं 15 चं 25 झालं, आणि साइटमध्ये काहीही न बदलता कित्येकांचे स्कोअर बदलले. दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. जुना सगळा स्कोअर ती टेस्ट वगळून पुन्हा मोजा, किंवा स्कोअरला नवीन आवृत्तीचं नाव देऊन रेघ तिथेच तोडा. ती उडी तशीच ठेवून गिऱ्हाइकाला 'आम्ही वेग वाढवला' म्हणून दाखवू नका. कारखानदार हिशेबाला पक्के असतात, आणि पुढच्या महिन्यात तो आकडा का वाढला नाही हे ते विचारतात.

*टेस्ट परत आली.* कॉन्फिग स्क्रिप्टने तयार होत असेल तर तयार झालेली फाइल दुरुस्त करून उपयोग नाही, मूळ साचा बदला. सर्व्हरवरच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीत) जुनी ओळ राहिलेली असते. कुणाची तरी जुनी ब्रँच मर्ज होते आणि सोबत बेसलाइनची फाइल परत आणते. काढलेल्या टेस्टच्या नावांची एक छोटी यादी ठेवा आणि त्यातलं नाव पुन्हा दिसलं तर बिल्ड थांबवा. हे दहा मिनिटांचं काम आहे.

*तिची शेजारीण आता मंद झाली.* ही तक्रार सगळ्यात गोंधळात टाकणारी आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. ऑर्डरच्या पानाची टेस्ट काढली आणि दुसऱ्याच रात्रीपासून तिच्यानंतर चालणारी डिस्पॅचच्या यादीची टेस्ट हळू दिसायला लागली, तेही अगदी स्थिरपणे हळू. कोड तोच. लोक लगेच म्हणतात, बघा, काढल्यामुळे बिघडलं, परत लावा.

कारण असं की काढलेली टेस्ट जाता-जाता एक काम करत होती. ती स्टॉकचे तक्ते वाचायची, त्यामुळे ते डेटाबेसच्या कॅशमध्ये गरम व्हायचे. तिच्यामुळे कनेक्शन उघडलेली असायची, कोडचा नेहमीचा रस्ता रनटाइमने आधीच कंपाइल करून ठेवलेला असायचा. पुढच्या टेस्टला सगळं तयार ताट मिळत होतं. म्हणजे डिस्पॅचच्या टेस्टचा जुना आकडाच दुसऱ्याच्या जिवावर आलेला होता.

पडताळणी सोपी आहे. डिस्पॅचची टेस्ट एकटी चालवा, आणि मग तिच्याआधी ऑर्डरचं पान नुसतं एकदा उघडून पुन्हा चालवा. दुसऱ्या वेळी आकडा जुन्या पातळीवर आला तर निदान पक्कं. काढलेली टेस्ट परत लावू नका. डिस्पॅचच्या टेस्टलाच स्वतःचा वॉर्मअप द्या, ज्याचे आकडे मोजायचे नाहीत, आणि मगच मोजणी सुरू करा. थंड कॅशवरचा वेग महत्त्वाचा असेल, सकाळी पहिला काउंटर उघडतो तेव्हा तो असतोच, तर त्याची वेगळी टेस्ट ठेवा आणि नावातच तसं लिहा. संचातल्या टेस्टचा क्रम रोज रात्री बदलता ठेवला तर कोण कुणाच्या जिवावर चालतंय हे थोड्याच रात्रींत उघडं पडतं. क्रम ठरवणारा आकडा मात्र निकालासोबत साठवा, नाहीतर एखाद्या रात्रीचा घोळ पुन्हा तसाच घडवून बघता येणार नाही. डिस्पॅचच्या टेस्टची बेसलाइन वॉर्मअप लावल्याच्या दिवसापासून नव्याने धरा. जुन्या रेघेशी तिची तुलना आता करू नका.